टिप, पोस्त आणि पगार

गेल्या दिवाळीत यवतमाळला घरी गेलो होतो. एका दुपारी बाबांना घेऊन बसस्टँडकडच्या एका साध्या हॉटेलात जेवायला गेलो. आई मामाकडे गेली होती, आणि आम्हा दोघांनाही स्वयंपाकात फारशी गती नाही. दोन थाळ्या, दोन ताक. बिल झालं ३३० रुपये. मी ४०० रुपये ठेवले आणि वेटरला म्हणालो, "राहू द्या."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून रिटायर झालेत. वजाबाकी त्यांना थांबून करावी लागत नाही. "सत्तर रुपये कायले?"

"टिप आहे, बाबा."

"त्याले पगार नाही का?"

वेटर पन्नाशीचा असेल. टेबल पुसता पुसता तोच बोलला, "हाये ना गुरुजी. पन कमी हाये. मालक म्हन्ते, तुमाले टिप भेट्ते ना."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आज भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं तो म्हणाला. मला मात्र ते वाक्य जेवणापेक्षा जड गेलं, कारण तेच वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. पुण्यात, अकराव्या मजल्यावर, एसी मीटिंग रूममध्ये.

तीन वर्षांपूर्वी मी घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या टीमकडे ऑर्डरच्या शेवटच्या स्क्रीनचं काम होतं. त्या स्क्रीनवर रायडरला टिप देण्याची बटणं होती: १०, २०, ३०, ५०. त्यातलं कुठलं बटण आधीपासून निवडलेलं ठेवायचं, यावर आम्ही दोन आठवडे प्रयोग केले. निम्म्या लोकांना एक स्क्रीन, निम्म्यांना दुसरी. २० आधीच निवडलेलं असलं की बरेच लोक ते काढायच्या भानगडीत पडत नाहीत, असं दिसलं. आम्ही खूश. गरीब माणसाच्या खिशात चार पैसे जास्त गेले, आणि तेही आपल्या कोडमुळे! मी घरी फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

काही महिन्यांनी एका मीटिंगमध्ये रायडरच्या 'एकूण कमाई'चा आलेख दाखवला गेला. रेघ छान वर चढलेली होती. त्यात टिपही मोजलेली होती. मग कोणीतरी म्हणालं, कमाई चांगली आहे, तेव्हा ऑर्डरमागचा दर थोडा खाली आणायला वाव आहे. कोणी टेबलावर हात आपटला नाही, मीही नाही. माझं बटण त्या रेघेत होतं, आणि आता त्याच रेघेच्या आधाराने दर कमी होणार होता. गिऱ्हाइकाने रायडरला दिलेले २० रुपये फिरून कंपनीच्या खिशात.

मला वाटायचं, हा प्रश्न नवा आहे. अ‍ॅपवाल्यांचा, किंवा फार तर अमेरिकेचा. त्या वेटरच्या वाक्यानंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आपल्याकडे यावर शंभर वर्षं भांडण चाललेलं आहे. त्यातलं एक भांडण तर यवतमाळच्या कापसाशी लागून आहे.

आधी शब्द बघा. मराठीत कष्टाच्या मोबदल्याला किती नावं आहेत! पगार हा शब्द पोर्तुगीज आहे, तिकडे त्याचा अर्थ नुसता 'पैसे देणं'. मजुरी आणि बक्षीस फारसीकडून आलेत. बक्षीस म्हणजे देणाऱ्याची मर्जी. ते मागता येत नाही, फार तर त्यासाठी उभं राहता येतं. दिवाळीला गडीमाणसांना, पोस्टमनला, झाडूवाल्याला देतात ती पोस्त. खुशी, चहापाणी, चिरीमिरी हे त्याच खानदानातले धाकटे भाऊ. आणि अलीकडे सरकारने फार वापरलेला शब्द म्हणजे मानधन. आशाताईंना, अंगणवाडीताईंना, कोतवालांना मानधन मिळतं. त्यात मानही आहे आणि धनही आहे, म्हणून पगार नाही.

आता कापसाकडे. यवतमाळ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. इथला कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची रेल्वे टाकली. तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईकडे रवाना व्हायच्या. काही समुद्रापार जायच्या, काही मुंबईच्याच गिरण्यांत.

पहिल्या महायुद्धात त्या गिरण्यांनी अमाप पैसा कमावला. महागाईही तशीच वाढली. १९१७ मध्ये मालकांनी कामगारांना पगारावर १० टक्के 'युद्ध बोनस' दिला, पुढच्या वर्षी १५ टक्के. युद्ध संपल्यावरही वर्षाकाठी साधारण एका महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळत राहिला. कामगारांची घरं त्यावर चालायला लागली. गावाकडचं कर्ज, पोरीचं लग्न, वाण्याची उधारी, सगळं त्या बोनसवर टाकलेलं. मग १९२३ मध्ये मालकांनी जाहीर केलं, यंदा नफा नाही, बोनस नाही.

जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप मार्चपर्यंत चालला. भांडण वरवर एका महिन्याच्या पैशाचं, पण खाली प्रश्न वेगळाच होता: हा पैसा आमचा की तुमचा? मालकांचं म्हणणं, आम्ही खुशीने दिला होता, आता खुशी नाही. कामगारांचं म्हणणं, जो पैसा वर्षानुवर्षं मिळतो आणि ज्याच्या भरवशावर आम्ही कमी पगारात राबतो, तो आमच्याच पगाराचा मागे ठेवलेला तुकडा आहे. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला तो मालकांच्या बाजूने: रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने, कशानेही या बोनसवर कामगारांचा हक्क लागत नाही. कामगार रिकाम्या हाताने परतले.

मला या गोष्टीत निकालापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण हरलेलं ते म्हणणं मेलं नाही. १९५० मध्ये गिरणीमालकांच्या आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या वादात लेबर अपेलेट ट्रिब्यूनलने बोनस मोजायचं सूत्र ठरवून दिलं. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे. हा आकडा मला कॉलेजात फार विचित्र वाटायचा. १०० भागिले १२ करून बघा. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक महिना. १९२३ मध्ये मालकांनी काढून घेतला तोच महिना, पन्नासेक वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात पोचला. जे बक्षीस होतं ते पोस्त न राहता हक्क झालं.

हे भांडण मुंबईचं, गिरण्यांचं. पण पगार नेमका कोणी द्यायचा, हा प्रश्न गावाने त्याहून आधी आणि त्याहून वाईट रीतीने भोगलेला आहे.

माझे आबाजी दारव्ह्याकडे शेती करायचे. ते सांगायचे की न्हाव्याला, सुताराला, लोहाराला रोजच्या रोज पैसे द्यायचे नसत. वर्षभर हजामत करायची, वखर नीट करून द्यायचा, आणि ज्वारी खळ्यावर आली की प्रत्येकाने येऊन आपला वाटा न्यायचा. हेच बलुतं. आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाच्या नावामुळे माहीत असतो. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिलं, त्यात या व्यवस्थेचं बारीक वर्णन आहे: थोरली कास, मधली कास, धाकटी कास, कोणाचा वाटा कितवा आणि कशाबद्दल. आबाजींना ही व्यवस्था फार प्रेमाची वाटायची. "पैसा नोता पन कोनी उपाशी नोता," असं ते म्हणायचे. नातू म्हणून मी मान हलवायचो. आता वाटतं, ते खळ्याच्या आतल्या बाजूला उभे राहून बोलत होते.

कारण एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. सुताराचं बलुतं आणि महाराचं बलुतं या कागदावर सारख्या गोष्टी होत्या, खळ्यावर नव्हत्या. सुताराने वखर केला नाही तर शेतकऱ्याची पेरणी अडायची, म्हणून त्याचा वाटा निमूट निघायचा. महाराकडे गावची आणि सरकारची अशी दोन्ही कामं: सारा पोचवायचा, निरोप न्यायचे, अधिकारी आला की त्याच्या पुढे पळायचं, रात्री जागायचं. यातलं बरंचसं काम सरकारचं. त्याचा मोबदला मात्र मोठ्या भागात गावकऱ्यांनी द्यायचा, खळ्यावर, आपल्या हाताने.

मुंबई इलाख्यात या प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायद्याच्या भाषेत हात घातला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात एक विधेयक मांडलं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या, म्हणजे वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं. शाळेत आपण महाड शिकतो, काळाराम शिकतो, पुणे करार शिकतो. महार वतनाचं विधेयक कोणी शिकवत नाही. मीही इंजिनिअरिंग संपल्यावर पाच वर्षांनी वाचलं.

त्यांचा मुद्दा एका ओळीत सांगायचा तर असा: काम घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, हे चालणार नाही. सरकार महाराला दिवसाचे चोवीस तास राबवतं, घरातला एक नसला तर दुसऱ्याला बोलावतं. पण मजुरीची वेळ आली की म्हणतं, गावाकडे माग. आणि गाव कधी देतं? गावाच्या मनासारखं वागलं तर. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडलं, पोरं शाळेत घातली, मान वर करून चालायला लागलं, की बलुतं बंद. म्हणजे जो मोबदला हक्काचा म्हणून लिहिलेला होता, तो प्रत्यक्षात वागणुकीवर मिळणारं बक्षीस होता. आंबेडकरांची मागणी होती की बलुत्याऐवजी रोख कर बसवावा, तो सरकारने जमिनीच्या साऱ्याबरोबर वसूल करावा, आणि वतनदार महाराला सरकारने स्वतःच्या हाताने द्यावा. ज्यांना वतनातून सुटायचंय त्यांना जमीन पूर्ण साऱ्यावर ठेवून सुटू द्यावं.

विधेयक निवड समितीकडे गेलं, तिथे त्याचा जीव काढला गेला, आणि जुलै १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतलं. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. तीस वर्षांनी.

वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाचा मुलूख, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला. त्यामुळे यवतमाळच्या महाराला हे विधेयक पास झालं असतं तरी लागू झालं नसतं. पण खळं इथेही तेच होतं. आबाजींच्या गोष्टीत न्हावी, सुतार, लोहार नावानिशी यायचे. महारवाड्यातलं कोणी नावाने यायचं नाही, "तो जागल्या" एवढंच. हे माझ्या लक्षात ते गेल्यावर आलं.

टिपेचा वेटर आणि बलुत्यासाठी ताटकळणारा महार यांची बरोबरी मी करत नाही. जातीचं ओझं टेबल पुसण्यात मावत नाही. वेटर नोकरी सोडून पुण्याला जाऊ शकतो, वतनात जन्मलेल्याला ती वाट नव्हती. पण दोन्हीकडे यंत्र एकाच जातीचं आहे: राबवणारा मालक आपलं देणं तिसऱ्याच्या मर्जीवर ढकलतो, आणि मग राबणाऱ्याला त्या तिसऱ्यापुढे हसून उभं राहावं लागतं. त्या हसण्याचेही पैसे नसतात.

अमेरिकेत हे उघडउघड झालं. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर म्हणून काळी माणसं घेतली, त्यांतली बरीच कालपरवापर्यंत गुलाम असलेली. पगार नाममात्र, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. १९०९ पासून काही राज्यांनी टिप देणं हा चक्क गुन्हा ठरवला होता. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गळून पडले. पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार करून दाखवला. हॉटेलातल्या वेटरांचं मात्र उलटं झालं. १९६६ मध्ये कायद्याने मालकाला सांगितलं की किमान वेतनातून टिपेचा वाटा वजा करायला हरकत नाही. आज तिथे टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. माझे अमेरिकेतले मित्र २० टक्के टिपेबद्दल कुरकुरतात, तेव्हा खरं तर ते मालकाचा पगारखर्च भरत असतात.

आपल्या कायद्यात ही वजाबाकी नाही. याचं श्रेय कोणाला द्यायचं असेल तर परत त्याच माणसाकडे यावं लागतं. १९४२ ते १९४६ आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं. ते पास झालं स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये. वेतन म्हणजे कामावर ठेवणाऱ्याने द्यायचा मोबदला. गिऱ्हाईक काय देतं, तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ ने त्यापुढचं पाऊल टाकलं आणि निर्वाह वेतन हा शब्द आणला. नुसतं जिवंत राहण्याइतकं नाही, तर माणसासारखं राहता येईल इतकं. अर्थात तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. राज्याने 'प्रयत्न' करायचा आहे.

किमान म्हणजे किती, हे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने बसून मोजलं, आणि इंजिनिअर म्हणून मला तो हिशेब फार आवडतो. कुटुंब म्हणजे खाणारी तीन युनिटं: नवरा १, बायको ०.८, दोन पोरं ०.६ प्रत्येकी. (बायको ०.८ का, हे माझ्या आजीला विचारायला पाहिजे होतं. वावरातून येऊन चूल तीच पेटवायची.) मोठ्या माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. सरपण, दिवा आणि किरकोळीसाठी २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यात आणखी २५ टक्क्यांची भर घातली: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य आणि सणवार. मी ते वाचून थांबलो. सणवार! दिवाळी पगारातच धरा, असं कोर्ट म्हणत होतं. पोस्तीची गरज पडू नये इतका पगार.

टिपेवरही कोर्ट बोललेलं आहे. १९७६ मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रश्न होता की कामगारांना मिळणारी टिप वेतनाच्या हिशेबात धरायची का. उत्तर: नाही, तो गिऱ्हाइकाचा पैसा आहे, मालकाचा खर्च नव्हे. आमच्या वेटरच्या मालकाचं वाक्य म्हणजे सुप्रीम कोर्टाने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी नाकारलेला युक्तिवाद आहे. पण याच तर्काला दुसरी धार आहे. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात, कार्डाने दिलेली टिप हॉटेल गोळा करून वाटतं तेव्हा तो पगार धरून त्यावर कर कापायचा का, असा वाद होता. कोर्ट म्हणालं, टिप पगार नाही, कारण तिच्यावर कामगाराचा मालकाकडे हक्क लागत नाही. बरोबरच आहे. पण म्हणूनच ती पीएफमध्ये धरली जात नाही, ग्रॅच्युइटीत धरली जात नाही, आजारपणात मिळत नाही. ज्याची अर्धी कमाई टिप आहे, त्याचं म्हातारपण उरलेल्या अर्ध्यावर काढायचं असतं.

मोठ्या शहरांतल्या हॉटेलांनी यावर सर्व्हिस चार्ज नावाची युक्ती काढली, बिलातच ५ ते १० टक्के. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो सक्तीने लावू नका म्हणून सांगितलं, हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये हरल्या. हा पैसा कर्मचाऱ्यांत वाटला जातो, असंही त्यांचं म्हणणं होतं. ग्राहक म्हणून मला निकाल पटला. पण ज्याच्या नावाने पैसा गोळा होत होता, तो वेटर त्या भांडणात ना वादी होता ना प्रतिवादी.

यवतमाळात सर्व्हिस चार्ज वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलच्या मालकाला भेटलो. तो बाबांचा विद्यार्थी निघाला (आमच्याकडे पन्नाशीच्या आतला अर्धा गाव बाबांचा विद्यार्थी असतो). माणूस वाईट नाही. गॅस, तेल, तूरडाळ, भाडं, सगळं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. चांगला माणूस टिकत नाही, सहा महिन्यांत पुण्याला पळतो, हेही सांगितलं. मी विचारलं, पाच जणांना प्रत्येकी तीन हजार वाढवले तर? त्याने सांगितलं, दिवसाला दीडशे थाळ्या जातात. मी मोबाइल काढला. पंधरा हजार भागिले साडेचार हजार थाळ्या. थाळीमागे तीन रुपये तेहतीस पैसे.

तो हसला. "आकडा बराबर हाये तुहा. पन समोरच्यानं नाही वाढवला त?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण त्याचा प्रश्न खरा होता. एकट्याने चांगलं वागणारा मालक तोट्यात जातो, म्हणूनच तर सगळ्यांना एकदम लागू होणारा कायदा लागतो. महाराष्ट्रात हॉटेलांसाठी किमान वेतनाचे दर परिमंडळांप्रमाणे जाहीर होतात. क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५७ सालीच म्हटलंय की जो धंदा किमान वेतन देऊ शकत नाही, त्याला चालण्याचा हक्क नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या गल्ल्यावर बसून, त्याचाच चहा पीत ते सांगण्याची हिंमत झाली नाही. अकराव्या मजल्यावर तरी कुठे झाली होती?

निघताना मी चहाचे पैसे द्यायला गल्ल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला. तेव्हा लक्षात आलं की तो कोड मालकाच्या खात्याचा आहे. मी कोपऱ्यात टेबल पुसणाऱ्या कालच्या वेटरला विचारलं, "काका, आता सगळे असेच देत असतील ना?"

"मंग. नोटच कुठं दिस्ते आता. पयले दिवसाचे शंभर-दीडशे होत. आता कधी वीस, कधी तेबी नाही."

"आणि पगार?"

"तो तेव्हढाच."

म्हणजे टिप मिळते म्हणून कमी ठेवलेला पगार, टिप गेल्यावर वाढला नव्हता.

पुण्याची गाडी रात्रीची होती. संध्याकाळी बाबा स्टँडवर सोडायला आले आणि वेळ होता म्हणून परत त्याच हॉटेलात कट चहा घेतला. बाबा पैसे द्यायला स्वतः गल्ल्याशी गेले. मी पिशव्या सांभाळत मागे उभा होतो.

"कावून रे, त्या मानसाले महिन्याचे किती देतं?"

मालक आधी हसला. मग बाबा हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. "गुरुजी, टिप भेट्ते ना त्याले."

"थे आमी देतो. तू किती देतं?"

"नऊ हजार."

बाबांनी तीसने भागलं असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "यंदा आमच्या वावरात वेचनीवालीले याच्यापक्षा जास्त पडले," ते म्हणाले, वीस रुपये गल्ल्यावर ठेवले, आणि सुट्ट्यांसाठी हात पुढे करून उभे राहिले.